साधी फुगडी आधी, बाकीचं मग

लग्न होऊन नुकतीच खानापुरात आलेय, या श्रावणात सासरी पहिली मंगळागौर आहे, गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या ग्रुपमध्ये खेळायला घेतलंय आणि गौरी-गणपतीच्या आधी बेळगावात स्पर्धेलाही उतरायचं ठरलंय, असं तू लिहिलंयस. ग्रुपमधल्या सगळ्याजणी उकिडवं बसून घालायची बस फुगडी, एका हाताची फुगडी, डोक्यावर कळशी घेऊन पिंगा असलं काय काय करतात आणि तुला उभ्यानं साधी फुगडी नि झिम्मा एवढंच येतं. तर अवघड प्रकार आधी शिकून घेऊ का, हा तुझा प्रश्न. शेवटी भीत भीत हेही विचारलंयस, की साधंच खेळले तर हसू होईल का.

हसू होणार नाही. अवघड प्रकार आत्ता शिकूही नकोस. साधी फुगडी येते म्हणतेस, ती खरोखर येते का तेवढं आधी बघ. माझ्याकडं खेळ शिकायला येणाऱ्या बहुतेकींना फुगडी ‘येत’ असते, म्हणजे त्या गरागरा फिरतात. त्यांच्याबरोबर फिरणारीला मात्र धाप लागते, तिची बोटं लालेलाल होतात, एखादी बांगडी फुटते आणि हात सुटले की ती आधी भिंत शोधते. एखादीला फुगडी येते की नाही हे तिच्याकडं बघून कळत नाही. तिच्या जोडीदारणीकडं बघायचं. परीक्षक म्हणून बसवतात तेव्हा मी हेच करते. जोडीतली जी जास्त मिरवतेय तिच्यावरून नजर काढते आणि दुसरीचा चेहरा बघते. दुसरी हसत असेल, उखाणा तिच्या तोंडून पुरा येत असेल, तर जोडी चांगली. दुसरीचे ओठ घट्ट मिटलेले असतील, तर पहिली कितीही चपळ असो, माझ्याकडून गुण कमी.

तेव्हा आधी फुगडीच नीट बघू.

समोरासमोर उभं राहायचं, दोघींची पावलं जवळ, चवड्याला चवडा लागेल न लागेल इतकीच. अगदी चिकटवायची नाहीत, कारण पायात जोडवी असतात. तू नवी नवरी, म्हणजे जोडवी नवीकोरी, कडा अजून झिजलेल्या नाहीत. फिरताना ती कड समोरचीच्या बोटाला लागली की चांगलं चिरतं. हात एकमेकांवरून घ्यायचे, उजवा तिच्या उजव्यात नि डावा तिच्या डाव्यात. मनगट धरायचं नाही. मनगट धरलं की बांगड्या मुठीत येतात आणि काचेच्या असल्या की तडकतात. चार बोटं वाकवून तिच्या बोटांत अडकवायची, अंगठा वरून नुसता टेकवायचा. खेळायच्या आधी बांगड्या कोपराकडं सरकवून घट्ट बसवायच्या, खड्याची अंगठी काढून सासूबाईंकडं द्यायची, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. लांब मंगळसूत्र बाहेर राहिलं की फिरताना ते सरळ समोरचीच्या तोंडावर येतं. हसू नकोस, दर वर्षी एखादीचा ओठ फुटतोच.

आता मागं रेलायचं. बहुतेकींचं चुकतं ते इथं. मागं जायला भीती वाटते, म्हणून कोपरं वाकवून, खांदे पुढं काढून त्या नुसत्या पायांनी पळतात. मग सगळा भार दंडांवर येतो आणि दोन-चार चकरांत जीव मेटाकुटीला येतो. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवायचं, हात पूर्ण ताणायचे आणि आख्खं अंग मागं सोडायचं. कमरेत मोडायचं नाही, हनुवटी थोडी आत. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी फिरू देत नाही. नुसतं उभ्या उभ्या रेलायला लावते. आधी डोळे उघडे ठेवून, मग एकीनं मिटून, मग दुसरीनं. समोरची डोळे मिटून अंग टाकते का, हे बघायचं. टाकत नसेल तर तिचं काही चुकत नाही. तिला तुझ्या हातांचा भरवसा अजून आलेला नाही. तो आला की फिरणं अर्ध्या तासात जमतं.

फिरताना पावलं उचलायची नाहीत, जमिनीवरून सरकवायची. लहान, अगदी लहान. पैंजण घालून फिरलीस तर आवाजावरून कळेल: पावलं एकसारखी पडत असतील तर घुंगरं एकाच पट्टीत वाजतात, पाय उचलून आपटत असशील तर मध्ये मध्ये दणका येतो. नजर समोरचीच्या कुंकवावर. आपण फिरतो तेव्हा भिंती, खिडक्या, बघणाऱ्या बायका सगळं पळत असतं. आपल्याबरोबर फिरत असल्यामुळं एकच गोष्ट जागेवर दिसते, ती म्हणजे समोरचीचा चेहरा. तो सोडून आजूबाजूला कोण बघतंय हे पाहायला गेलीस, की घेरी आलीच म्हणून समज. मोबाइलकडं बघून हसणाऱ्या मुलींना सगळ्यांत आधी चक्कर येते, यात माझं काही कसब नाही, सरळ कारण आहे.

वेगाचं एक गणित लक्षात ठेव. फिरण्याचा वेग दुप्पट केला की हातांवरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून ‘अजून थोडं जोरात’ म्हणून जी चकर वाढवली जाते, ती वाढवणारीला थोडीच वाटते, पण समोरचीच्या बोटांना फार वाटते. तिचे हात तुझ्यापेक्षा बारीक असतील, तिनं सकाळपासून पुरणाचा घाट घातलेला असेल, तिच्या मनगटाला जुनं दुखणं असेल. वेग वाढवायचा की नाही हे नेहमी दोघींतल्या कमी ताकदीच्या बाईनं ठरवायचं. कसं ठरवायचं? तिची ओढ वाढली की तुझी वाढव. तिची तेवढीच राहिली तर तू तिथंच थांब. तोंडानं विचारावं लागत नाही, बोटांतून कळतं.

वजनात फरक असला तरी फुगडी उत्तम होते, फक्त जाड बाईनं कमी रेलायचं आणि बारीक बाईनं जास्त. मध्याची जागा मग जाड बाईच्या जवळ सरकते आणि दोघी बिनधास्त फिरतात. पुष्कळदा याच्या उलट बघायला मिळतं: दणकट बाई सगळं अंग मागं टाकते आणि बारीक पोर तिच्याभोवती फरपटत जाते. बघणारे टाळ्या वाजवतात, कारण दृश्य मोठं दिसतं. कडोलीकडच्या एका आजींबरोबर खेळताना एका मुलीनं असंच चालवलं होतं, तेव्हा आजींनी फिरता फिरताच तिला विचारलं, “ओढालीस कशाला गे? मी काय पळून जातोय?” सोप्यात बसलेल्या सगळ्याजणी हसल्या, आणि पोरीचा हात आपोआप ढिला झाला.

थांबणं हा फुगडीचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. एकदम थांबायचं नाही. तीन-चार चकरांत वेग उतरवायचा, कोपरं हळूहळू वाकवत एकमेकींजवळ यायचं, आणि दोघी उभ्या राहिल्यावरही हात धरूनच ठेवायचे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यांत पातळ द्रव असतो. आपण थांबलो तरी तो काही क्षण फिरतच राहतो. म्हणून थांबल्यावरच जग गरगरतं. त्या वेळात हात सोडून, कमरेवर ठेवून प्रेक्षकांकडं वळायचं, ही स्टेजवरची सवय आहे. एकीला सवय असते म्हणून ती वळते, दुसरी तोवर खांबाला धडकलेली असते. समोरचीचे डोळे स्थिर झाले की मग सोड.

एवढं जमलं की ‘पकवा’ घे, म्हणजे तोंडानं ताल धर. तो नुसता मजेचा भाग नाही. पकवा धरायचा तर श्वास एका लयीत सोडावा लागतो, आणि दोघींचा पकवा जुळला की पावलं आपोआप जुळतात. धाप लागली की पकवा तुटतो, आणि तो तुटला की वेग कमी करायचा. इतकी सोपी खूण हाताशी असताना आम्ही ती सोडून दिली, कारण आता स्पीकरवर ट्रॅक लावलेला असतो नि त्या आवाजात पकवा कोणाला ऐकू येणार!

ट्रॅकचं निघालंय तर बोलून घेते. पूर्वी गाणाऱ्या रिंगणातच असायच्या. त्यांना फुगडीवाल्यांचे पाय दिसायचे. एखादी म्हातारी उतरली की गाणं आपोआप उतरायचं, तरण्या पोरी आल्या की चढायचं. एखादीचा पदर सुटला तर गाणारी तीच ओळ पुन्हा घ्यायची, तोवर ती सावरून यायची. आता पाच-सहा मिनिटांची मेडली कापून जोडून आणतात. तिला कोण थकलंय हे दिसत नाही. गाणं संपायच्या आत सगळे प्रकार बसवायचे म्हणून फुगडीला वाट्याला येतात जेमतेम काही सेकंद. मग तेवढ्यात डोळे दिपवायचे तर वेग, उडी, कळशी, गिरकी यांच्याशिवाय काय हाती असणार? तुमच्या ग्रुपमधल्या बायकांना दिखाऊपणाची हौस आहे असं मी म्हणत नाही. गाण्यानंच त्यांना त्या कोपऱ्यात ढकललंय. घरच्या मंगळागौरीला तरी स्पीकर बंद ठेवा, दोघी-तिघींना गायला बसवा, नि फरक बघा.

मंगळागौरीचे खेळ मुळात जागरणाचे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी, सकाळी पूजा, रात्री जागर. रात्रभर जागायचं तर खेळ असेच हवेत, की जे पहाटेपर्यंत पुरतील. म्हणून त्यांची रचना शहाणपणाची आहे: दमवणारी फुगडी झाली की सावकाश फेर, उभ्यानं झिम्मा झाला की बसून भांडणाचं गाणं, मध्येच नकला, मध्येच चहा. बसायचे खेळ उगीच नाहीत, गुडघ्यांना विसावा म्हणून आहेत. आता हाच कार्यक्रम मंगल कार्यालयात चार ते सात होतो. तीन तासांत सगळी रात्र कोंबायची म्हणून विसाव्याचे खेळ आधी गळतात, कारण ते ‘स्टेजवर उठत नाहीत’. उरतात ते सगळे दमवणारे. मग पैसे देऊन बाहेरून ग्रुप बोलावणं सोपं वाटतं. माझाही ग्रुप जातो, मानधन घेतो, तेव्हा मी काही सोवळी नाही. पण एक अट मी यजमानीणबाईंना आधीच सांगते: आम्ही अर्धा तास खेळून दाखवू, त्यानंतर खुर्च्या भिंतीला लावायच्या नि आलेल्या सगळ्यांना आत घ्यायचं. हे कबूल नसेल तर मी जात नाही. घरच्या मावश्या, काकू, शेजारणी खुर्च्यांवर बसून बघतायत, जिची मंगळागौर ती फोटोपुरती एक फुगडी घालून पैठणी सावरत बाजूला, आणि मध्ये आम्ही एकसारख्या नऊवारीतल्या दहाजणी घाम गाळतोय, हे बघवत नाही.

अवघड प्रकारांची खरी अडचण ही आहे, की ते बघणाऱ्यांची संख्या वाढवतात आणि खेळणाऱ्यांची कमी करतात. तुझ्या ग्रुपमधल्या दोघींनी बस फुगडी घातली, की भोवतीच्या वीसजणींना कळतं: हे आपलं काम नव्हे. त्यानंतर ‘या की, तुम्ही पण या’ म्हणून कितीही ओढा, त्या येत नाहीत. उलट पहिली फुगडी साधी, सावकाश, एखाद्या वयस्क बाईची लावून बघ. ती बसली की लगेच दुसरी म्हणते, ‘ह्या करतात तर मला काय झालं?’

आपल्या भागात याला अजून एक कारण जोड. सीमेवरच्या गल्लीत रिंगण निम्मं मराठी, निम्मं कानडी असतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघ. पंचमीला कानडी घरांत लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, लाडू वळतात आणि संध्याकाळी आपल्याबरोबर फुगडीला उतरतात. त्यांनाही फुगडी लहानपणापासून येते. आपली गाणी येत नाहीत, नि त्यांची आपल्याला येत नाहीत. साध्या फुगडीत याचं काही अडत नाही. हात दिला, पावलं जुळली, झालं. पण ‘आठव्या मात्रेला वळायचं, मग उजवीकडं टाळी, मग खाली बसून उठायचं’ असं बसवलेलं असलं, की तालमीला जी आली नाही ती बाहेर, मग ती शेजारची अक्का असो की स्वतःची जाऊ. पाटीवर नाव कुठल्या भाषेत लिहायचं यावरून आमच्याकडं किती वर्षं काय काय चाललंय ते तुला सांगायला नको, तू आता इथलीच. फुगडीच्या रिंगणात तरी तालीम न झालेल्या बाईला जागा ठेवा.

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरी गौरीला गेलीस तर दिसेल. मागानं निम्मी खोली व्यापलेली. उरलेल्या जागेत दोन पाट मांडले तरी अडचण. तिथं बायका झिम्मा खेळतात, फुगडी घालतात, कुणाचा धक्का मागाला लागत नाही. जागा इतकी कमी, की पावलं लहानच पडतात, वेग आटोक्यातच राहतो आणि एका वेळी एकच जोडी फिरते, बाकीच्या उंबऱ्यात नि जिन्यावर बसून गातात. मी आजवर बघितलेल्या नेटक्या फुगड्या अशाच घरांतल्या. मोठ्या हॉलमध्ये पोरींना जागा मिळते नि त्या जागा भरायला जातात.

पुरुषांच्या खेळातही हेच आहे. बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणं वैशाखात होते, नि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ज्या गावच्या लेझीम पथकाचे हात साधे, ते पहाटेपर्यंत खेळतात. ज्यांनी पहिल्या चौकातच मनोरे रचून, उड्या मारून जोर संपवला, ते मध्यरात्रीनंतर लेझीम खांद्यावर टाकून चहाच्या गाड्यावर दिसतात. आणि वारकऱ्यांच्या पावलीबद्दल काय बोलू? चार पावलं पुढं, चार मागं, टाळ नि मृदंग. त्यात सत्तरीचा शेतकरी असतो, शाळेतलं पोर असतं, एखादा तहसील कचेरीतला साहेब असतो. कुणी उंच उडी मारली तर ओळ मोडते, म्हणून जाणते बुवा त्याला नुसत्या नजरेनं जागेवर आणतात. दिंडीत पुरुषही फुगडी घालतात, ती कधी जवळून बघ: बारीकसा गडी दांडग्या माणसाला किती लीलया फिरवतो, नि दोघांचे पाय जमिनीवरून वीतभरही उचलले जात नाहीत.

आता गुडघ्यांचं. तू तरुण आहेस, तुला आज काही होणार नाही, पण बस फुगडीत पूर्ण उकिडवं बसून, गुडघे मिटलेल्या अवस्थेत, सगळं वजन चवड्यांवर घेऊन उड्या मारत फिरायचं असतं. कोंबडा नावाच्या खेळातही तेच. हे खेळ वाईट नाहीत. ज्या बायका रोज जमिनीवर बसून जेवायच्या, शेतात उकिडव्या बसून भांगलण करायच्या, त्यांच्या गुडघ्यांना ते सवयीचे होते. खुर्चीवर आठ तास काम करून, आठवड्यात दोनदा तालमीला येऊन एकदम बस फुगडी घालणाऱ्या चाळिशीतल्या बायकांचे गुडघे मी सुजलेले बघितलेत. तुझ्या ग्रुपमध्ये अशा कोण आहेत ते तुला माहीत. त्यांनी न सांगता सहन केलेलं असतं, कारण ‘मला जमत नाही’ म्हणायला लाज वाटते. तू साधी फुगडी खेळलीस तर त्यांनाही साधी खेळायला तोंड मिळेल. नवी सून असल्याचा हा एक फायदा आहे, तुझ्या नावावर खपतं.

नको म्हणणारीला ओढायचं नाही, हे मात्र सगळ्यात वर ठेव. रिंगणात हाताला धरून ओढायची आपल्याकडं पद्धत आहे, तीत माया असते, मान्य. पण नवी लग्न झालेली मुलगी ‘आज नको’ म्हणाली तर तिला दिवस गेलेले असू शकतात नि अजून कुणाला सांगितलेलं नसतं. एखादीला चकरेचा त्रास असतो, एखादीचं नुकतं ऑपरेशन झालेलं असतं. कारण विचारायचं नाही. तिला टाळ्या वाजवायला, गायला बसव. तुला नको असेल तेव्हा तूही हसून नको म्हण. पहिल्या मंगळागौरीच्या मुलीला सगळ्याजणी एकेक फुगडी घालायला बोलावतात, ओळीनं दहा-बारा फुगड्या झाल्या की उपाशीपोटी चक्कर येतेच. मंगळवारी पूजेचा उपास, दुपारी थोडंसं पोटात, आणि संध्याकाळी हे. खेळायच्या तासभर आधी काहीतरी खाऊन घे, साखर-पाणी जवळ ठेवायला कुणाला तरी सांग.

तरीही अवघड शिकायचंच असेल, तर शीक बाई, मी कुठं नाही म्हणतेय. हौस आहे, वय आहे. फक्त क्रम सांगते. साधी फुगडी घरातल्या निदान पाच वेगवेगळ्या बायकांबरोबर घाल: एक तुझ्याहून जाड, एक बुटकी, एक साठीच्या पुढची, एक शाळकरी मुलगी, एक तुझ्यावर जरा रागावलेली. हो, रागावलेली सुद्धा. सासरी ती मिळायला अडचण नाही. पाचींनी आपणहून ‘अजून एक’ म्हटलं की मग एका हाताची फुगडी घे. तिच्यात रेलण्याचा नि पकडीचाच कस लागतो, म्हणून साधी पक्की असेल तर ती चार दिवसांत येते. बस फुगडी त्यानंतर. डोक्यावरची कळशी, माझ्यापुरतं, कधीच नाही. पण तो माझा हट्ट समज. कळशी सांभाळायची तर मान ताठ नि नजर समोरच्या शून्यात, मग जोडीदारणीचं तोंड बघायला कोण उरलं?

झिम्म्याबद्दल थोडकंच. टाळी तळव्यानं आपटू नकोस, बोटं जुळवून मार, हाताचा तळवा किंचित खोलगट. आवाज भरदार येतो नि हात लाल होत नाहीत. समोरचीच्या टाळीच्या किंचित आधी पोचायची घाई करू नकोस. दोघींची टाळी एकच वाजली पाहिजे, बस्स.

स्पर्धेचं म्हणशील तर तिथले नियम वेगळे आणि ते पाळावेत. स्टेजवर लांबून बघणाऱ्याला दिसेल असं काहीतरी लागतं, त्यात कमीपणा नाही. पण परीक्षकांच्या कागदावर बहुतेक ठिकाणी ताल, ताळमेळ, पेहराव, गायन असे रकाने असतात. नुसत्या ‘प्रकार किती’ या एकाच रकान्यावर निकाल लागत नाही. ग्रुपमध्ये बोलून दोन गोष्टी सुचव. एक, सहा मिनिटांत बारा प्रकार कोंबण्याऐवजी सहा घ्या, आणि मधली फुगडी पुरती मिनिटभर चालू द्या: सावकाश सुरुवात, चढ, उतार, हात धरून थांबणं, सगळं. आजूबाजूच्या जोड्या मोडून सगळ्या मिळून तेवढा वेळ गायला लागा. बारा प्रकारांच्या गर्दीत परीक्षकांना काही आठवत नाही, ही मिनिटभराची जोडी आठवते. मी त्या खुर्चीवर बसून सांगतेय. दोन, ट्रॅक लावायचाच असेल तर फुगडीच्या जागी तो बंद करा नि तोंडानं गा. काही ठिकाणी तोंडानं गायलेल्याला वेगळे गुण असतात, नियमपत्रक आधी वाचून घ्या.

आणि तालमीच्या वेळी स्टेजवर काय अंथरणार ते संयोजकांना विचारायला विसरू नका. बेळगावातल्या हॉलमध्ये हौसेनं लाल गालिचा टाकतात. गालिच्यावर पाऊल सरकत नाही, अंग फिरतं पण तळवा तिथंच अडकतो, नि मुरगळा थेट गुडघ्यात जातो. गुळगुळीत टाइल्सवर उलटी गत, पाय निसटतो, त्यातून घामानं तळवे ओले असले तर विचारू नकोस. लाकडी फळ्या किंवा साधी फरशी सगळ्यात बरी, अनवाणी पायांनी. गालिचा काढत नाहीत असं कळलं, तर एका हाताची फुगडी त्या दिवशी वगळा आणि साधी सुद्धा निम्म्या वेगानं घाला. नऊवारीचा काष्टा घोट्याच्या वर राहील असा नेसा, पायात येणारी कड सेफ्टी पिननं अडकवा. पिना दोन जास्तीच्या पदराच्या आत लावून ठेव, कुणाला ना कुणाला लागतातच.